आवाज बंद, तरी वेग तोच

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आजही त्यातलं काही मानतो असं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते सांगायचं, तर वीसेक वर्षं दाबून ठेवलेलं आधी सांगावं लागेल…

पडेगाव. तेव्हा तिथं नवं प्लॉटिंग, नळ नाही, आणि वर दुष्काळ. दर चौथ्या दिवशी दुपारी टँकर यायचा. तो अंगणातल्या हौदात रिकामा झाला की मोटार लावून पाणी गच्चीवर चढवायचं. मोटारीचं बटण वरच्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी.

कॉम्प्युटर दादानं सेकंडहँड आणला होता. त्यात एम्युलेटर होतं – म्हणजे जुने टीव्ही गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर. आवाज बंद केला की गेम सुसाट पळायचा, चालू ठेवला की बरोबर चालायचा. आवाजाचा एकेक तुकडा वाजून झाल्याशिवाय ते चित्र पुढं सरकवत नाही, हे दादानंच शोधलं. "आवाज बंद करू नको पिंट्या, लई पळतंय." आईची कटकट नको म्हणून मी हेडफोन लावायचो.

एक लेव्हल संपायला लागणाऱ्या वेळात टँकर रिकामा व्हायचा. इतकं पक्कं जमलेलं की मी खिडकीतून बघतही नसे. लेव्हल संपली, हात लांब केला, बटण दाबलं. दादा खालून हसायचा, "घड्याळ गिळलंय का रं?"

त्या दुपारी तो पाइपातला गाळ काढायला हौदात उतरला होता. माझी लेव्हल संपली. मी बटण दाबलं. मोटारीची वायर पाण्यात कुठंतरी सोललेली होती.

सगळ्यांनी विचारलं, उतरताना हाक नाही मारली त्यानं? मी म्हणालो, नाही. मी कान देऊनच होतो.

सकाळी दादा-वहिनीचं भांडण झालं होतं. मग रागाच्या भरात न सांगता उतरला, असं ठरलं. आईनं ते मरेपर्यंत वहिनीला ऐकवलं. वहिनी देवगाव रंगारीला माहेरी गेली, तर तिथंही तेच. मी गप्प.

हाक आली होती. दोनदा. हेडफोनमधल्या संगीताच्या आडून, पुसट – "पिंट्या, थांब." मी मनात म्हटलं, एवढी लेव्हल होऊ दे.

गेल्या उन्हाळ्यात जुनी हार्ड डिस्क सापडली. दुपारी बायको झोपली होती, म्हणून लॅपटॉपवर आवाज बंद करून तोच गेम लावला. पळायला हवा होता. नाही पळाला. तेव्हाच्याच चालीनं चालला… दुसरे गेम लावून बघितले, सगळे सुसाट. फक्त हाच नाही. एका ग्रुपवर विचारलं. कुणी म्हणालं, स्क्रीनचं सिंक बघा, त्यानंही गेमचा वेग बांधला जातो. ते बंदच होतं. एकानं गमतीत लिहिलं, "काका, तुमच्या घरात दुसरं कुणीतरी ऐकतंय वाटतं."

रोज दुपारी लावून बघायचो. रोज तेच. पंधरा दिवसांनी देवगावची बस धरली.

वहिनी ओट्यावर शेंगा फोडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"हाक मारली होती त्यांनी?"

"व्हय. दोनदा."

"माझ्यावर रागावून नाय उतरले?"

"नाही, वहिनी."

तिनं हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली. म्हणाली, "माझी आई असताना तरी सांगायचं भाऊजी. मलाच दोष देत गेली ती." आणि थोड्या वेळानं – "पाणी पिऊन घ्या. साडेतीनची गाडी सापडंल."

घरी येऊन लॅपटॉप उघडला. गेम तोच, सेटिंग तेच, आवाज बंद.

सुसाट पळाला.

तेव्हापासून पळतोच आहे. नियमानं बघितलं तर हेच बरोबर. मग आधीचे पंधरा दिवस काय होतं, ते मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर सांगा… मी अजूनही रोज दुपारी लावतो. खेळता येत नाही. माझं बोट हलायच्या आत पडद्यावरचा तो माणूस खड्ड्यात गेलेला असतो.