फुलकोबी आणि बोटीचा दिवस

बहिणीची बोट माघात सुटणार होती. तिचा नवरा मुंबईत एका पारशाच्या बंगल्यात माळीकाम करायचा. त्या मालकाचा आफ्रिकेत व्यापार होता आणि तिथल्या बागेसाठी तो या दोघांना घेऊन चालला होता. अमरावतीजवळच्या आमच्या माहेरी आई गेल्यावर मला वाढवलं ते या बहिणीनं. परत कधी येणार, ते पोष्टकार्डात नव्हतं. ‘बोटीआधी ये, समुद्रही पाहणं होईल,’ एवढंच होतं.

कार्ड लिहिलं होतं तिच्या चाळीतल्या यहुदी मास्तरांनी. चाळीत खाली बोहऱ्याचं दुकान, वर गोव्याची बाई, समोर गुजराती, आणि सकाळी सगळे एकाच नळावर मराठीतून भांडतात, असं ती मागं माहेरी भेटली तेव्हा सांगत होती. माझं सासर अकोल्याचं, आणि आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना मुंबई म्हणजे दुसरा इलाखा. आमचा कारभार नागपुराहून चालायचा.

मी बेत आखला तो असा. मुक्काम बहिणीकडे. वाटेत खायला दशम्या आणि तिळाची चटणी. मुंबईत ट्रामीत बसायचं नाही, पायी हिंडायचं. माझ्या आणि नवऱ्याच्या गाडीभाड्याचे पैसे भाजीतून बाजूला काढलेले होते. प्रश्न पाण्याचा होता.

मोर्णा नदीच्या काठी, जुन्या शहराच्या पलीकडे, आमची विहीर एक आणि मळे दोन. एक आमचा, दुसरा भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. एक दिवस मोट त्यांची, एक दिवस आमची. वांगी आठवडाभर तहान काढतात. फुलकोबी काढत नाही. ऐन गड्डा धरताना पाणी चुकलं की संपलं. म्हणून मी माझ्या पाण्याच्या पाळ्या आधीच भासऱ्यांच्या कांद्याला देऊन टाकल्या. बदल्यात, आम्ही मुंबईत असताना त्यांनी माझ्या कोबीला पाणी द्यायचं. हे सगळं ठरलं जाऊबाईंमार्फत. भासऱ्यांशी थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती.

निघायचा दिवस तोंडावर आला आणि मोटेतून गढूळ पाणी यायला लागलं. मी विहिरीवर गेले. डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले. भासरे माझ्याकडे पाठ करून जाऊबाईंना म्हणाले, “सांग तिले, विहीर तळाले गेली. माया कांद्यालेच पानी पुरून नाई राहिलं.”

मी म्हटलं, “बाई, त्याईले विचारा, मंग माया पाळ्या काहून घेतल्या?”

आमच्यात चार हातांचंही अंतर नव्हतं. तरी जाऊबाई एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड करत होत्या.

“बदल्याचं मले कोनी सांगतलं?” भासरे त्यांच्यावरच डाफरले. “तूच म्हने ना, तिले सध्या पानी नाई लागत?”

जाऊबाईंनी पदराचं टोक दातात धरलं. मग मला म्हणाल्या, “बदल्याचं काढलं असतं त ह्याईनं पानी घेतलंच नसतं. कांदा सुकून राहिला होता. म्हनलं, मंग सांगीन.”

“मंग म्हंजे कधी? बोट सुटल्यावर?”

भासरे विहिरीत पाहत बोलले, “उसनं पीठ वापस भेटते. पानी उसनं नसते. जिरलं ते जिरलं.”

त्यात खोट काढता येईना. माहेरीही हाच कायदा होता.

घरी नवरा म्हणाला, “मी रायतो, तू जाय.”

“मोट कोन हाकन अन् वाफ्यात पानी कोन वळवन? एकट्याचं काम हाये का?”

“मंग राहू दे. पत्र टाकू तिले.”

“आफ्रिकेत?”

मी मळ्यात गेले. गड्डे मुठीएवढे झाले होते. पाणी मिळतं तर पंधरवड्यात ओंजळीत मावले नसते. मी दोन-चार गड्डे पानं सारून पाहिले, मग घरी जाऊन विळा आणला. कोबीच नसली तर तहान कुणाला लागणार?

जाऊबाई बांधावरून ओरडल्या, “काय व करून राहिली? येडी झाली काय? बहिनीपायी उभं पीक कापून राहिली!”

“पानी द्या. थांबते.”

थोड्या वेळानं त्या बांध ओलांडून आल्या आणि शेजारच्या वाफ्यात बसून कापलेल्या गड्ड्यांची पानं मोडू लागल्या. मी त्यांना बस म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही.

बाजारात दलालानं एक गड्डा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. “काहो बाई, कोबी हाये का लिंबं?”

लोक हसले. “लिंबाच्या भावानं घ्या, पन घ्या,” मी म्हटलं. त्यानं त्याहून कमीच दिला. पुढचे दिवस काढायला भाड्यातले अर्धे पैसे घरात ठेवावे लागले. तिकीट एकच निघालं. नवऱ्यानं मला बायांच्या डब्यात बसवून दिलं. शेगाव गेलं, भुसावळ गेलं, तरी बोट कालच सुटली असेल असं मनातून जाईना.

सुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सुटायची होती. संध्याकाळी बहीण मला चौपाटीवर घेऊन गेली. पारशी, भय्ये, अरब, पायघोळ झगे घातलेल्या मडमा, सगळ्यांची पोरं एकाच वाळूत लोळत होती. समुद्र पाहिला. एवढं पाणी, आणि वाफ्याला थेंबाचा उपयोग नाही.

“औंदा फुलकोबी लावली का?” बहिणीनं विचारलं.

“लावली होती.”

“होती?” तिनं मनात महिने मोजले. “माहेरच्यासोबतच रोप टाकते ना तू? मंग आता कुठं गड्डा धरत असन.”

“कापली.”

माळ्याच्याच घरची ती. अवेळी कापणं म्हणजे काय, ते तिला सांगावं लागलं नाही. हातातली चण्याची पुडी तिनं माझ्या पदरात रिकामी केली.

“खाय,” म्हणाली.

आम्ही अंधार पडायच्या आत घरी आलो. बोट ठरल्या वेळी सुटली.