आबांच्या दुखण्याची वही

माझं अक्षर मोत्यासारखं आहे, आणि त्याचा मला गर्वही होता. वीस वर्षं फळ्यावर लिहिलं की तो येतोच. त्यामुळे सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांच्या दुखण्याची वही ठेवायला सांगितली, तेव्हा मी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले. मॉर्फिनची गोळी किती वाजता, दुखणं शून्य ते दहात किती, गुंगी येते का, पोट साफ होतं का. ही वही बघूनच डोस ठरणार होता.

सासरे, म्हणजे आमचे आबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. मणक्याची दोन ऑपरेशनं होऊनही पाठीतली कळ गेली नव्हती. सासूबाई नाहीत, नवरा सीमेवर, त्यामुळे रहिमतपूरच्या घरात आम्ही दोघंच. स्वयंपाकघरापाशी यायचं तरी आबा आधी बाहेर खाकरायचे. अशा माणसाला मी रोज संध्याकाळी पेन उघडून विचारायची, "आबा, पोट साफ झालं का?"

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणायचे, "समदं येवस्थित हाय."

"आणि दुखणं?"

"दोन लिव."

मी लिहायची.

महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, अक्षराचं कौतुक केलं, आणि दुखणं आटोक्यात आलंय असं म्हणून डोस थोडा कमी केला. आबा खुर्चीत ताठ बसून होते. "तुमी म्हनाल तसं," एवढंच बोलले. मला तर बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं, काय सांगू!

पुढच्याच आठवड्यात एकदा शाळा लवकर सुटली. दार ढकललं तर आबा जमिनीवर बसलेले, कॉटचा पाय धरून, तोंडात टॉवेल कोंबून रडत होते. मला बघताच त्यांनी टॉवेल काढला आणि घाईघाईनं सदऱ्याची बटणं लावायला लागले. मला राग आला, त्यांचाही आणि माझाही.

"रोज दोन सांगता आणि हे काय, आबा?"

"सुनंम्होरं कन्हायचं व्हय, पोरी?"

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्याच वही घेऊन या. मग मी वही आणि पेन्सिल कॉटवर ठेवली. "तुमचं तुम्ही लिहा. मी बघायची नाही," म्हटलं आणि बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सांगली गाठली. डॉक्टरीणबाई बराच वेळ वाचत राहिल्या. मग त्यांनी आबांना विचारलं, "सूनबाईंना दाखवू?" आबांनी होकारार्थी मान हलवली.

मी लिहिलेला एकूण एक दोनाचा आकडा खोडलेला होता. वर आबांच्या थरथरत्या अक्षरात सात, आठ, आठ. एका तारखेपुढे नऊ होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'सूनबाईचा वाढदिवस. तोंड पाडून चालणार नव्हतं.'

त्या दिवशी ते स्वतः चालत बाजारात जाऊन माझ्यासाठी पेढे घेऊन आले होते. आणि मी त्याच रकान्याखाली, माझ्या मोत्यासारख्या अक्षरात, 'आज प्रकृती उत्तम' असं लिहून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी डोस पुन्हा पहिल्यासारखा केला. मला मात्र आबांकडे बघवेना.