मित्राची फाइल

संरक्षणाचा माल परदेशी पाठवायचा तर परवान्याचा अर्ज दिल्लीत होतो, आणि मग तो अर्ज हिंडत राहतो. एक खातं विचारतं, घेणारा देश कसा आहे. दुसरं विचारतं, माल शेवटी वापरणार कोण, आणि तो तिसऱ्याच्या हाती जाणार नाही याची लेखी हमी कुठे आहे. वस्तू खरंच लष्करी की साधी, यावर तांत्रिक मत लागलं की फाइल आमच्यासारख्यांच्या टेबलावर येते. नागपुरात बसून मी वर्षानुवर्षं अशी मतं दिली. काम रटाळ होतं, मला आवडायचं.

बायको गेल्यावर माझ्या आठवड्यात एकच माणूस उरला होता. हिंगण्याला त्याचा छोटा कारखाना, पॅराशूटचे पट्टे अडकवायच्या कड्या करायचा. रविवारी सकाळी आम्ही ठेल्यावर तर्री-पोहे खायचो. तो बोलायचा, मी वरून तर्री मागायचो. एवढ्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा.

एकदा फाइल उघडली तर आत त्याच्याच कड्यांचं चित्र. त्याचा पहिलाच परदेशी अर्ज. मी तिथल्या तिथे लिहून दिलं, अर्जदार माझा मित्र आहे, मत दुसऱ्यानं द्यावं. फाइल शेजारच्या खोलीत गेली. पण आमच्या ऑफिसची रीत अशी, की फाइल आली होती हेसुद्धा बाहेर बोलायचं नाही, आणि निकाल लागेपर्यंत अर्जदाराबरोबर उठबस नाही; नाहीतर मत देणाऱ्या सहकाऱ्यावर बोट रोखलं जातं. मी रविवारी जाणं बंद केलं.

त्याचा फोन आला. "काहून गा, येऊन नाही राहिला? तब्येत बिघडली का?"

"काम आहे," मी म्हणालो.

"रविवारी? सरकारी माणसाले?" तो हसला. मग म्हणाला, "दिल्लीवाले घडी घडी विचारून राहिले, शेवटी वापरणार कोण. तुले तं यातलं सारं समजते. थोडं पाहून सांग न."

दार वाजतंय असं सांगून मी फोन ठेवला. पुढे त्याचे फोन कमी झाले, मग थांबलेच. मी घरी पोहे करून पाहिले आणि अर्धे टाकून दिले. नियमाचा राग नाही आला. तो नियम बरोबरच आहे. पण एकटं वाटायचं, फार वाटायचं. तरी शेजारच्या खोलीत काय ठरलं, हे मी कधी विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी सीताबर्डीतल्या मिठाईच्या दुकानात तो दिसला. परवाना मिळाल्याचं दुकानदाराला सांगत होता आणि उघड्या डब्यातून आजूबाजूच्यांना पेढे देत होता. मला इतका आनंद झाला की मी त्याचा दंडच धरला.

"मले सांगितलं नाही गा?"

"तुले काय सांगाचं? तुले तं माह्या आधीच माहीत असन. अन् एक शब्द नाही बोलला तू."

"मले खरंच माहीत नव्हतं."

त्यानं हळूच दंड सोडवून घेतला. बाकीच्यांसारखाच एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

"घ्या साहेब," तो म्हणाला, "तोंड गोड करा."