मोकळा झालेला आवाज

कारंज्याच्या एका अडत दुकानात माल मोजून झाला की संगणक काटापट्टी, म्हणजे वजनाची चिठ्ठी, मोठ्याने वाचून दाखवतो. हा प्रोग्राम माझ्या धाकट्या भावाने इंझोरीत, आमच्या घरी लिहिला. आवाजही त्याचाच होता. आईला वाचता येत नाही. आपला माल किती भरला हे तिला कोणाला विचारावं लागू नये, एवढंच सुरुवातीचं कारण होतं.

चाचणी आईवरच झाली. त्यामुळे पट्टीच्या शेवटी वाक्य आलं, "माय, बराबर हाय का?" ते बदलायचं राहून गेलं. दुकानात मिशीवाल्या शेतकऱ्यांनाही संगणक माय म्हणू लागला.

"मले काहून माय म्हनून राह्यला बे हा?" एकाने विचारलं.

"तुह्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव हाय ना? तिलेच इचारून राह्यला," शेजारचा म्हणाला.

भाऊ हसला आणि वाक्य तसंच ठेवलं.

प्रोग्रामचा परवाना मात्र त्याने विचार करून निवडला. कोड कोणीही पाहावा. धंद्यासाठी वापरायचा तर चार वर्षं त्याची परवानगी घ्यावी. त्यानंतर तो सर्वांना खुला, हवा तसा बदलायलाही. आईने विचारलं, "चार वर्सं कायले?"

"मालकाची सोंगनी होऊ दे, माय. मंग खाली पडलेला सरवा कोनीबी वेचो. तू नाई वेचला लोकाइच्या वावरात?"

"वेचला. पन मालक वावराच्या धुऱ्यावर उभा राहे."

"मी बी राहीन."

तिसऱ्या वर्षी शेलूबाजारजवळ जीप उलटली. त्यात तो गेला.

दुकानातला आवाज चालू राहिला. विकायला काही नसलं तरी आई एसटीने कारंज्याला जायची, काट्याजवळ बसायची. माल कोणाचाही असो, प्रश्न आला की तीच त्याला उत्तर द्यायची, "बराबर हाय, बापू." अडत्याने तिला कधी उठवलं नाही.

चौथं वर्ष भरलं. परवाना आपोआप बदलला. त्याला कोणाची सही लागत नव्हती. परगावच्या काही तरुणांनी कोड घेतला, नव्या काट्यांना जोडला आणि फुकट वाटला. काम चांगलं होतं. बदलांच्या नोंदीत एक ओळ होती: चुकीचं संबोधन काढलं, आवाज नव्याने भरला. अडत्यानेही नवा काटा आणि हीच आवृत्ती घेतली.

मी त्यांना लिहिलं. उत्तर लगेच आलं, आणि नम्र होतं. तो आवाज कोणाचा होता हे त्यांना माहीत नव्हतं. जुनी आवृत्तीही खुलीच आहे, हवी तिथे चालवा, असं त्यांनी कळवलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अडत्याच्या नव्या काट्याला ती जुळेना, म्हणून मी ती आईच्या मोबाइलवर टाकली. एकदा ऐकून तिने मोबाइल माझ्या हातात दिला.

"इथं नोको. तिथं चार लोकाइत बोलत होता तो."

या हंगामात आमचं सोयाबीन घेऊन आम्ही दोघं कारंज्याला गेलो. काटा झाला. एका स्वच्छ, शिकलेल्या आवाजाने पिकाचं नाव, पोती आणि वजन वाचलं, "धन्यवाद" म्हटलं आणि तो थांबला. आई उभीच राहिली. हमाल पुढच्या शेतकऱ्याचं पोतं पाठीवर घेऊन आला.

"बराबर हाय, बापू," आई म्हणाली.

"मले म्हनलं का, आजी?"

"नाई," ती म्हणाली, आणि त्याला वाट दिली.