एडनाबाईंची शाळा आणि माझे चाळीस मीटर

१. शनिवारी सकाळी दहा वाजता, नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला एका कुरणात, जुन्या नकाशावरून एका शाळेची जागा मी जीपीएसने शोधली आणि तिथे झेंडी रोवली.
२. केतकीने आणि मी खणलं. काही सापडलं नाही.
३. सत्त्याऐंशी वर्षांच्या एडनाबाई म्हणाल्या, शाळा इथे नव्हती.
४. मी म्हणाले, इथेच होती.
५. नव्हती.

आता जरा सविस्तर...

या काउंटीत तासभर ड्राइव्ह केलं तरी समोरून गाडी येत नाही. आलीच, तर चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख दाखवतो. दुपारपर्यंत केतकीही तसंच करायला लागली होती.

पूर्वी इथे दर काही मैलांवर एका खोलीची शाळा असे. एकच बाई सगळ्या इयत्तांना शिकवायच्या आणि मुलं घोड्यावरून यायची. पुढे शाळा बंद पडल्या, लाकडी इमारती कुणी कुणी धान्य ठेवायला उचलून नेल्या... उरलं ते गवत.

काउंटीच्या छोट्या म्युझियमला आता प्रत्येक जागी पाटी लावायची आहे. नकाशे डिजिटल करणं हे माझं रोजचं काम, म्हणून मी वीकएंड देते म्हटलं. रूममेट केतकी नागपूरची, तिला लांब ड्राइव्ह करायला निमित्तच हवं असतं.

एडनाबाई तरुणपणी याच शाळेत शिकवायच्या. सगळ्या शाळा नक्की कुठे होत्या हे सांगू शकणाऱ्या आता त्या एकट्याच... आणि ३० मे रोजी त्या कायमच्या मुलीकडे ॲरिझोनाला चालल्या आहेत.

"नकाशात हाच बिंदू आहे," मी परत सांगितलं.

"नकाशा काढणारा माझ्या वर्गात नव्हता," बाई म्हणाल्या. "ती लायलॅकची झुडपं दिसतात? मुलांनी लावलेली. शाळा त्यांच्या अलीकडे."

"चोवीस उपग्रह एकीकडे आणि आजी एकीकडे," केतकी मराठीत म्हणाली. "यार, मी आजीकडून."

बाई झुडपांकडे चालत गेल्या आणि गवतात काठी टोचू लागल्या. तिसऱ्यांदा ठक्क वाजलं. गवत बाजूला केलं तर पायाचा दगड...

टेपने अंतर मोजलं. माझ्या झेंडीपासून पश्चिमेला चाळीस मीटर. आकडा बघितला आणि कळलं. जुना नकाशा मोजणीच्या जुन्या पद्धतीचा, माझं यंत्र नव्या पद्धतीवर. या भागात दोन्हींत साधारण एवढाच फरक पडतो, आणि सेटिंग बदलायचं मी विसरले होते. ऑफिसात दुसऱ्यांची हीच चूक मी पकडते, तीही फारशा गोड शब्दांत नाही.

बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे यंत्र बरोबर होतं?"

"यंत्र बरोबर होतं. मी चुकले."

"चला, यंत्रावर ढकललं नाहीस."

जेवताना केतकीने शेंगदाण्याची चटणी काढली. बाईंनी ती ब्रेडवर लावून खाल्ली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे आमचं पीनट बटरच. फक्त कुणीतरी त्याला चिडवलंय."

मग त्या पायाच्या दगडांच्या आत उभ्या राहिल्या आणि कोण कुठे बसायचं ते काठीने दाखवू लागल्या. इथे स्टोव्ह. तिथे खिडकीपाशी दोघे भाऊ, एकाच घोड्यावरून यायचे आणि पुढे कोण बसणार यावरून रोज भांडायचे...

मी अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहिले. मुलांच्या जागांसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. त्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिल्या, आणि पान पुरलं नाही.

"आकडे नीट लिही हं," बाई म्हणाल्या. "पुढे कुणाला शोधायचं झालं, तर तेच विचारतील."

त्या दिवशी चार शाळा झाल्या. अकरा राहिल्या आहेत. एवढा आनंदाचा शनिवार मला या देशात फार वेळा मिळालेला नाही, पण एका गाडीने हे काम ३० तारखेच्या आत होणार नाही.

अजून दोन गाड्या आणि चार माणसं हवीत, शनिवार-रविवार, २१ आणि २२ मे. बाई एका गाडीतून पुढे जाऊन जागा दाखवतील, बाकीचे मागे थांबून खणतील आणि मोजतील. अनुभवाची गरज नाही, जाड बूट हवेत.

येणार असाल तर बुधवार, १८ मेपर्यंत मला मेल करा. येणार नसाल तरीही करा, म्हणजे मला दुसऱ्यांना विचारता येईल.