सत्तेचाळीस नंबरची खूण

वहिनींचा फोन आला तेव्हा मी बँकेत रांगेत होतो. "हे गेले," एवढंच म्हणाल्या... रांग पुढे सरकली, मी तिथेच. त्याला आता महिना होईल.

वासुदेवभाऊ मूळचे अमळनेरचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पर्वत पाटियाच्या एका खोलीत मी त्यांच्या हाताखाली प्रोग्रॅम लिहायचो. पलसाण्याच्या एका गुजराती शेठच्या रंगाई मिलसाठी भाऊंनी चक्क एक छोटी भाषा बनवली होती. मिलच्या मास्तरने तिच्यात रंगाचं नाव टाकायचं, कॉम्प्युटरने लागणाऱ्या रंगाचं वजन सांगायचं. नावात फक्त अक्षरं, आकडे आणि खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, चालणार. दुसरं काही आलं की 'नाव चालणार नाही' असं पडद्यावर यायला हवं. भाऊंचा हट्ट असा की कॉम्प्युटरमध्ये शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत नंबर असलेलं प्रत्येक चिन्ह घालून पाहायचं आणि वहीत त्याच्या नंबरापुढे खूण करायची. हे काम माझं, आणि मला त्याचा भयंकर कंटाळा. चाळीस झाल्यावर मी उरलेल्या खुणा न तपासताच ओढल्या आणि सासुरवाडीला गेलो.

काही दिवसांनी भाऊ आणि मी मिलमध्ये गेलो. मशीनवर कापड चढलेलं, शेठ उभा. मास्तरने शेडकार्डावर छटेचं नाव होतं तसंच टाइप केलं: नेव्ही, तिरकी रेघ, दोन. तिरकी रेघ म्हणजे सत्तेचाळीस नंबर. मी न तपासलेला. कॉम्प्युटरने तक्रार केलीच नाही. ती भागाकाराची खूण समजून नेव्हीला सरळ दोनने भागलं आणि निम्मं वजन दाखवलं. मिलचा माणूस काट्यावर रंग ओतू लागला. मला सगळं कळत होतं. नवी नोकरी, नुकतंच लग्न... मी काट्याकडे नुसता बघत होतो. डबा भरला. माणूस मशीनकडे निघाला.

"ऊभा रहो!" भाऊ ओरडले.

"शुं थयुं?" शेठ भडकला.

"भूल मारी छे, शेठ." भाऊंनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली.

शेठने सगळ्यांदेखत त्यांना नाही नाही ते ऐकवलं. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

परतताना बसमध्ये भाऊंनी विचारलं, "कितीपासून तपासलं नाहीस?"

"एक्केचाळीस."

"उद्या तिथूनच बसू. आळस करू नकोस रे."

पुढे त्यांनी हा विषय कधीच काढला नाही. मी आळशी, एवढंच त्यांना कळलं. भित्रा निघालो, हे मी सांगितलं नाही. आज त्याची फार लाज वाटते.

परवा त्यांच्या खोलीत गेलो. कॉम्प्युटरपुढे अजून गादीची खुर्ची आणि लाकडी स्टूल. खुर्ची नेहमी दुसऱ्याला, स्टूल भाऊंना. मी खुर्चीत बसलो आणि स्टुलाकडे बघून म्हणालो, "भाऊ, मला आधीच कळलं होतं..."

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "काय कळलं होतं?"

मी खुर्चीतून उठलो आणि त्यांना सगळं सांगितलं.