कंसाबाहेरची बेरीज

मी वैभववाडीच्या एका संगणक क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकवते. महिरपी कंसाच्या आत जन्माला आलेला व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचा डबा, कंस मिटला की मेला, त्याचं सुतकही धरायचं नाही, हे मी दरवर्षी त्याच आवाजात सांगते. कंसाबाहेर जन्मलेला मात्र जगतो आणि आधीचं ओझं घेऊन पुढच्या फेरीत शिरतो. हे ज्यांना कळत नाही त्यांचे मी दोन गुण कापायचे. हल्ली एकच कापते.

आमच्या गावच्या महिला मंडळाने तांदळाच्या पदार्थांची स्पर्धा ठेवली, तेव्हा अध्यक्षीणबाई माझ्याकडे आल्या. आदल्या वर्षी परीक्षकांच्या गुणांची बेरीज कागदावर झाली होती आणि त्यावरून भांडण.

"तू कंप्युटर शिकवतंस मा? मगे बेरीज तूच कर. फकत कोणाचे किती गुण ता दिसाक नको."

मी एका बैठकीत प्रोग्राम लिहिला. एका काल्पनिक बाईला तीन परीक्षकांचे गुण देऊन पाहिले, बेरीज चोख आली. दुसरी बाई कल्पायचा कंटाळा केला.

स्पर्धेला अकरा जणी होत्या. ज्या जशा आल्या तसा त्यांना क्रमांक मिळाला. पहिल्या आल्या त्या गावातल्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका. सगळा गाव त्यांना टीचर म्हणतो. नाताळात त्यांच्या घरी होतो तसा दोदोल त्यांनी आणला होता. नारळाच्या रसात तांदळाचं पीठ आणि गूळ घोटून घोटून केलेला, काळाभोर, ताट हललं की थरथरणारा. अकराव्या आणि शेवटच्या माझ्या सासूबाई. त्यांचे शिरवाळे साच्यातून शेवयांसारखे पडायचे ते गोळा होऊन पडले. दुसरा घाणा काढेपर्यंत उशीर झाला, आणि तोही गोळाच पडला. ओरोसहून आलेल्या परीक्षक बाईंनी एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

दुपारी मी शाळेच्या भिंतीवर निकाल झळकवला. पहिल्या आल्या सासूबाई. बक्षीस मिक्सर. टाळ्या झाल्या, पण सुरू व्हायला जरा वेळ लागला. प्रोग्राम सुनेचा, मिक्सर सासूचा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाई मिक्सर घेताना परीक्षकांकडे संशयाने बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीचर घरी आल्या. हातात कागद होता.

"तुझो निकाल मी घराक जावन लिवन काडलंय," त्या म्हणाल्या. "अकरा, धा, नव, आठ, असो खाली एकापर्यंत. ह्यो निकाल नाय गो, ही हजेरी. फकत उलटी."

त्यांचा क्रमांक एक, म्हणजे दोदोल सगळ्यांत शेवटी. माझे कान गरम झाले.

"टीचर, तुमका वाटता मी मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम केला असतंस, तर जरा बरा केला असतंस."

मी लॅपटॉप उघडला. चूक एका ओळीची होती. बेरीज शून्यापासून सुरू करणारी ओळ प्रत्येक बाईच्या कंसात हवी होती. मी ती कंसाच्या वर, बाहेर लिहिली होती. पहिलीचे गुण दुसरीत मिसळले, दोघींचे तिसरीत, आणि सासूबाईंपर्यंत येताना सगळ्या मंडळाचे गुण त्यांच्या नावावर जमा झाले. टीचरनी आयुष्यात कधी प्रोग्राम बघितला नव्हता. त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि बोट ठेवलं. "ही ओळ खाली घी." मी घेतली. दोदोल पहिला आला.

स्वयंपाकघरात नवा मिक्सर घरघरत होता. सासूबाई खोबरं वाटत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी बटण बंद केलं.

"मगे आता माझो नंबर कितवो?"

"अकरावो."

"माका ठावक होता. ते शिरवाळे मी सोता खाल्लंय नाय, म्हशीक घातलंय. म्हशीन पण जरा इचार केल्यान."

"मगे काल बोललात कित्याक नाय?"

"तीन परीक्षक आणि तुझो कंप्युटर म्हणता बरे झाले. मी मधी कित्याक तोंड घालू?"

रविवारी मंडळाच्या बैठकीत मी उभी राहिले. चूक माझी, असं सांगितलं, आणि क्लासची सवय म्हणून फळ्यावर दोन महिरपी कंसही काढून दाखवले. कुणी फळ्याकडे बघितलं नाही. मागून एकीने विचारलं, "म्हणजे सासूसाठी करूक नाय?"

मी नाही म्हटलं. तिची निराशा झालेली स्पष्ट दिसली. नुसती चूक म्हणजे आठवडाभर बोलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

बैठकीनंतर सासूबाईंनी मिक्सरचं भांडं घासून उन्हात वाळवलं, मिक्सर खोक्यात भरला आणि खोकं स्वतः उचललं. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "ऱ्हवांदे, तू परत खंयतरी भलतीकडे पोचवशीत."

आम्ही टीचरच्या घरी पोचलो. त्यांनी खोकं कोपऱ्यात ठेवलं, उघडूनही बघितलं नाही, आणि दोदोलचं ताट पुढे केलं. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. मग दुसरा घेतला.

"कसो झालो?" टीचरनी विचारलं.

"गूळ कमी पडलो," सासूबाई म्हणाल्या, आणि ताट स्वतःच्या मांडीवर घेतलं.